घटसर्पाचा नेम

घटसर्पात घशात राखाडी पापुद्रा धरतो आणि मुलाचा श्वास कोंडतो. पण हा जंतू घशातच राहत असताना रोग्याचे हृदय का बंद पडते? एमिल रू आणि अलेक्झांडर येर्सिन यांनी १८८८ साली दाखवले की, जंतू गाळून काढले तरी उरलेला द्रव प्राण्यांचा जीव घेतो. म्हणजे मारते ते जंतूचे विष. ते विष नेमके कुठे घाव घालते, हे कळायला पुढची ऐंशी वर्षे गेली.

तो घाव समजून घ्यायचा तर प्रथिन कसे विणले जाते ते पाहायला हवे. आरएनएवरचा निरोप रायबोसोम तीन-तीन अक्षरांनी वाचतो आणि प्रत्येक शब्दामागे एक अमिनो आम्ल साखळीत ओवतो. ते आम्ल टी-आरएनएच्या पाठीवर बसून येते आणि त्याला रायबोसोमपर्यंत आणते ईईएफ-१ए नावाचे प्रथिन. शब्द जुळला तरच ते जवळचा जीटीपी हा ऊर्जा देणारा रेणू खर्च करून आपले ओझे सोडते. न जुळणारा टी-आरएनए बहुतेक वेळा तिथूनच परत फिरतो. मग ईईएफ-२ पुढे येते. तेही जीटीपी खर्चते आणि टी-आरएनए व निरोपाची पट्टी बरोबर तीन अक्षरे पुढे सरकवते. माणसाच्या पेशीत हे सेकंदाला साधारण पाच वेळा घडते. एवढी घाई, तरी एका अक्षराची चूक चालत नाही. घसरले की पुढचा सगळा मजकूर निरर्थक.

विष नेम धरते ते याच ईईएफ-२वर. या प्रथिनात हिस्टिडीन नावाचे एक अमिनो आम्ल असते. पेशी त्यावर बरीच कारागिरी करून त्याचे डिप्थामाइड बनवते. १९६८मध्ये तासुकू होन्जो आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी दाखवले की, हे विष एनएडी रेणूचा तुकडा तोडून ईईएफ-२ला चिकटवते. तो तुकडा बसतो ती जागा म्हणजे हेच डिप्थामाइड, हे नंतर कळले. पट्टी सरकणे थांबते. विषाचा रेणू मात्र तसाच शाबूत राहतो आणि पुढचे ईईएफ-२ गाठतो. म्हणूनच पेशीत शिरलेला एकच रेणू तिला संपवायला पुरतो. जंतूच्या स्वतःच्या प्रथिनात डिप्थामाइड नसते, त्यामुळे तो सुरक्षित.

मग पेशीने हा धोका बाळगावा तरी कशाला? मला सर्वांत विलक्षण वाटते ते याचे उत्तर. प्रयोगशाळेत डिप्थामाइड नसलेल्या पेशी वाढवल्या, तर त्यांना हे विष बाधत नाही. पण त्यांचे रायबोसोम निरोप वाचताना जास्त वेळा एका अक्षराने घसरतात.