पडद्याच्या मापाचा धडा

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. कोड स्कॅन केला की धडा उघडतो, पण अनेकदा तो वडिलांच्या मोबाइलवर! लॅपटॉपसाठी आखलेला चार रकान्यांचा तक्ता तिथे मुंगीएवढा दिसतो. मूल दोन बोटांनी तो ताणतं, बाजूला सरकवतं आणि वाचत असलेली ओळच हरवते. यावर उपाय आहे: २०१० मध्ये वेब डिझायनर ईथन मार्कोट यांनी वेबपानांसाठी ‘रिस्पॉन्सिव्ह’ रचना मांडली. त्यात रुंदी टक्क्यांत मोजतात आणि पडदा अरुंद झाला की रकाने एकाखाली एक येतात. मला वाटतं, धडा आधी मोबाइलवरच आखावा. एका पडद्यावर एकच कल्पना आणि अंगठ्याला सहज सापडेल एवढं बटण.