मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधील स्वयंसेवी चित्रकारांचे संघटन

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधील स्वयंसेवी चित्रकारांचे संघटन : ज्या संगणकीय कार्यक्रमांची मूळ संहिता पाहण्याची, बदलण्याची व वाटण्याची मुभा सर्वांना असते, अशा कार्यक्रमांसाठी चिन्हचित्रे, बोधचिन्हे, पडद्याची पार्श्वभूमी, शुभंकर, खेळांतील पात्रे इ. दृश्य सामग्री विनामोबदला तयार करणाऱ्या कलाकारांचे काम एकसूत्री ठेवण्याची व्यवस्था. हे कलाकार निरनिराळ्या देशांत राहतात. बहुधा ते एकमेकांना प्रत्यक्ष भेटलेलेही नसतात आणि त्यांच्यावर कोणाचीही नोकरीतील हुकमत चालत नाही.

संहिता लिहिणाऱ्यांचे सहकार्य आणि चित्रकारांचे सहकार्य यांत मूलभूत फरक आहे. संहितेचे लहान लहान तुकडे करून ते अनेकांकडे सोपविता येतात. एखादी दुरुस्ती बरोबर आहे की नाही, हे कार्यक्रम चालवून पाहिला असता बऱ्याच अंशी ठरते. चित्राच्या बाबतीत अशी कसोटी नसते. दहा जणांनी एकेक ओळ सुधारल्याने कार्यक्रम सुधारतो. पण दहा जणांनी एकेक रेघ ओढल्याने चित्र बिघडण्याचीच शक्यता अधिक. शिवाय संहितेतील बारीक तपशिलांवर मोजकेच लोक मत देतात, चित्राच्या रंगावर मात्र प्रत्येकाचे काही मत असते. अशा मतांच्या भडिमाराने नाउमेद होऊन चांगले चित्रकार निघून जाणे, हा या समुदायांचा जुना अनुभव आहे. त्यामुळे येथे संघटनाचा प्रश्न चित्रकार जमविण्यापेक्षा निर्णय कोणी व कशाच्या आधारे घ्यावयाचा, हा असतो.

प्रारंभ : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील स्पेन्सर किंबल व पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी केलेला ‘गिंप’ हा चित्रसंस्करणाचा मुक्त कार्यक्रम १९९६ च्या सुरुवातीस लोकांपुढे आला. त्याच वर्षी लॅरी यूइंग यांनी तो वापरून लिनक्सचे ‘टक्स’ हे पेंग्विनचे चित्र काढले. आपले व गिंपचे ऋण मान्य केल्यास चित्र कोणीही वापरावे व बदलावे, अशी परवानगी त्यांनी दिली. बोधचिन्हासाठी झालेल्या स्पर्धांत टक्स विजयी ठरला नव्हता, तरी तोच सर्वत्र रूढ झाला. ज्या चित्रावर पुढच्या माणसाला हात फिरविता येतो ते टिकते, याचे हे पहिले ठळक उदाहरण होय. १९९६ मध्ये केडीई व १९९७ मध्ये ग्नोम हे प्रकल्प सुरू झाले. संगणकाच्या संपूर्ण पडद्याची मांडणी करणे हे त्यांचे उद्दिष्ट असल्याने शेकडो चिन्हचित्रांची गरज निर्माण झाली. आरंभी हे काम एखाददुसऱ्या हौशी व कुशल व्यक्तीच्या शैलीवर चाले. २००३ च्या जानेवारीत केडीईच्या ३.१ या आवृत्तीत आलेली ‘क्रिस्टल’ ही चकचकीत चित्रमालिका मुख्यतः ब्राझीलच्या एव्हेराल्दो कोएल्यो यांची निर्मिती होती. ती लोकप्रिय झाली; तथापि एका हाताची शैली दुसऱ्यास सहजी उचलता येत नाही आणि तो हात थांबला की मालिका अपुरी राहते, ही अडचण या पद्धतीत अंगभूत असते.

शैलीसंहिता : या अडचणीवरील सर्वांत परिणामकारक उपाय २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘टँगो’ प्रकल्पाने दाखविला. याकुब श्टाइनर, टुओमास कुओस्मानेन (गिंपच्या ‘विल्बर’ या शुभंकराचे जनक) इ. त्याच्याशी निगडित होते. शैली ही व्यक्तीची न ठेवता ती लिखित नियमांत उतरवावयाची, ही त्यामागील कल्पना. २७ रंगांची एक रंगपट्टी ठरविण्यात आली : सात रंगांच्या प्रत्येकी तीन छटा व राखाडीच्या सहा. आकृतीची बाह्यरेषा त्याच रंगाच्या गडद छटेत असावी, तिच्या आत उजळ रेषा असावी, लहान आकारांत तपशील गाळावा, असे नियम सोदाहरण मांडण्यात आले. रंगपट्टी आधीच ठरलेली असल्यामुळे निळा कोणता घ्यावा, हा वादच उरला नाही. नवशिक्याला नकार देतानाही ‘मला आवडले नाही’ असे न म्हणता अमुक नियम पाळलेला नाही, असे सांगता येऊ लागले. समीक्षेतील व्यक्तिगत दंश जाणे हा या नियमावलीचा खरा लाभ होता, असे म्हणावे लागेल.

टँगोचा दुसरा आधार नावांचा होता. एकाच क्रियेच्या चित्राला केडीईमध्ये एक व ग्नोममध्ये दुसरे नाव असे. त्यामुळे एका प्रकल्पासाठी केलेली मालिका दुसरीकडे निरुपयोगी ठरे. चिन्हचित्रांच्या नावांचे एक समान प्रमाणक ठरल्यावर फाईल जतन करण्याच्या चित्राला दोन्हीकडे ‘डॉक्युमेंट-सेव्ह’ हे एकच नाव मिळाले. हे काम वरकरणी कारकुनी आहे. पण चित्रकाराची मेहनत दुप्पट होणे त्यानेच थांबले. कोणती चित्रे झाली व कोणती बाकी आहेत, याची यादीही नावांमुळे आपोआप तयार होते आणि नवागताने आल्या दिवशी काय उचलावे, हा प्रश्न सुटतो.

नियम असले तरी कष्ट टळत नाहीत. एसव्हीजी या रेषात्मक चित्रस्वरूपाला २००१ मध्ये प्रमाणकाचा दर्जा मिळाला आणि २००३ मध्ये ‘इंकस्केप’ हा ते हाताळणारा मुक्त कार्यक्रम सोडिपोडी या जुन्या कार्यक्रमातून वेगळा निघाला. रेषात्मक चित्र कोणत्याही मापात काढता येत असले, तरी मोठे चित्र नुसते आक्रसून १६ × १६ बिंदूंत बसविल्यास त्याचा चिखल होतो; लहान मापांसाठी ते स्वतंत्रपणे रेखाटावे लागते. एका चिन्हाची तीनचार मापे म्हणजे तीनचार चित्रे, आणि अशी शेकडो चिन्हे. या कामात नवनिर्मितीचा आनंद थोडा व चिकाटी फार असते. स्वयंसेवक पहिली वीस चित्रे उत्साहाने काढतात. उरलेली कोणी काढावयाची, हाच व्यवहारात मोठा प्रश्न असतो.

स्पर्धा की निवडक गट : चित्रे मिळविण्याचा सोपा मार्ग म्हणजे स्पर्धा. डेबियन प्रकल्प प्रत्येक आवृत्तीसाठी चित्रसंकल्पना मागवितो. झुलिएट बेलाँ यांची ‘लाइन्स’ ही संकल्पना २०१५ मधील आठव्या आवृत्तीसाठी स्वीकारली गेली. इंकस्केपच्या आवृत्तीसोबत झळकणारे चित्रही समुदायाच्या मतदानाने निवडतात आणि ते इंकस्केपमध्येच काढलेले असावे, अशी अट असते. एकच स्वतंत्र चित्र हवे असेल, तेव्हा ही पद्धत उत्तम चालते व तिच्यातून नवे लोक ओळखीचे होतात. मात्र बोधचिन्ह किंवा संपूर्ण दृश्य ओळख ठरविताना ती अपुरी पडते. एक सोडून बाकी सर्वांचे श्रम वाया जातात, तसेच मतदानात टिकाऊपेक्षा तत्काळ डोळ्यांत भरणारे चित्र पुढे येते. व्यावसायिक अभिकल्पकांच्या संघटनांचा अशा विनामोबदला स्पर्धांना असलेला विरोध याच कारणाने आहे.

याच्या उलट मार्ग मोझिला प्रकल्पाने स्वीकारला. स्टीव्हन गॅरिटी यांनी २००३ मध्ये मोझिलाच्या दृश्य रूपातील विस्कळितपणावर टीका करणारा लेख लिहिला. प्रकल्पाने ती मनावर न घेता सोडून देण्याऐवजी त्यांनाच स्वयंसेवी गट उभारण्यास सांगितले. या छोट्या गटात कल्पना एकाची, अंतिम रेखाटन दुसऱ्याचे अशी वाटणी झाली. फायरफॉक्सचे पृथ्वीगोलाला वेढणारे कोल्ह्याचे बोधचिन्ह इंग्लंडच्या जॉन हिक्स यांनी डॅनियल बर्का यांच्या कल्पनेवरून सिद्ध केले व ते फेब्रुवारी २००४ मध्ये ०.८ या आवृत्तीबरोबर प्रसिद्ध झाले. गट लहान होता, त्याला अधिकार होता आणि मतदान नव्हते. मुक्त समुदायाच्या लोकशाही वृत्तीला हे रुचणारे नसले, तरी परिणाम सर्वांपुढे आहे.

परवाना व मूळ फाईल : मुक्त परवाने संहितेसाठी लिहिले गेले. त्यांत ‘मूळ’ उपलब्ध करून देण्याची अट असते. चित्राचे मूळ कोणते, हे मात्र त्यांत सांगितलेले नसते. सपाट केलेले चित्र दिले, परंतु थर शाबूत असलेली फाईल दिली नाही, तर पुढील चित्रकाराच्या हाती केवळ प्रत येते. यासाठीच डेबियन बदल करण्यास सोयीचे असेल त्या स्वरूपाचा आग्रह धरतो. केडीईच्या ‘ऑक्सिजन’ मालिकेच्या परवान्याला, ग्रंथालयरूप संहितेसाठीचा हा परवाना चित्रांना कसा लागू होतो, याचे वेगळे स्पष्टीकरण जोडावे लागले. टँगोची चित्रे प्रारंभी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश व समान वाटप या अटींवर दिली होती. इतर परवान्यांच्या कार्यक्रमांत ती मिसळताना अडथळे येऊ लागल्याने २००९ मध्ये ती सार्वजनिक स्वामित्वात सोडण्यात आली. असा बदल करण्यासाठी प्रत्येक सहभागी चित्रकाराची संमती लागते. म्हणून कोणी काय काढले याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवणे, हे संघटकाचे नीरस परंतु अपरिहार्य कर्तव्य ठरते. फायरफॉक्सचे बोधचिन्ह मुक्त परवान्याखाली नसल्याने डेबियनने ते वगळले. त्यावर नाव वापरण्याची अनुमती राहिली नाही आणि २००६ पासून डेबियनमध्ये तो कार्यक्रम ‘आइसवीझल’ या नावाने दिला जाऊ लागला. हा तिढा २०१६ मध्ये सुटला. एका चित्रापायी दोन मित्रसमुदायांत दहा वर्षे अंतर पडावे, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

खेळांतील चित्रे : खेळांसाठी लागणारी सामग्री प्रचंड असते. ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ या २००३ मध्ये सुरू झालेल्या खेळात कलादिग्दर्शकाचे पद आहे. नवोदितांना जुन्या पात्रांचे भाग जोडून नवे पात्र बनविण्यापासून सुरुवात करता येते. ही गुरुशिष्य परंपरेला जवळची पद्धत होय. २०१२ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन व ओपनगेमआर्ट यांनी ‘लिबरेटेड पिक्सेल कप’ ही स्पर्धा भरविली. तिच्यात प्रथम मोबदला देऊन नमुन्याची चित्रे व शैलीपुस्तिका तयार करवून घेतली, नंतर त्याच शैलीतील चित्रे लोकांकडून मागविली आणि तिसऱ्या टप्प्यात त्या चित्रांचे खेळ करविले. शैली आधी बांधलेली असल्यामुळे न जिंकलेल्यांची चित्रेही संग्रहात जमा झाली व उपयोगी पडली. सामान्य स्पर्धेतील अपव्यय टाळण्याची ही युक्ती दाद देण्याजोगी आहे.

मोबदल्याचा प्रश्न यातून पूर्णपणे सुटत नाही. ‘ब्लेंडर’ या त्रिमितीय कार्यक्रमाची संहिता २००२ मध्ये लोकवर्गणीतील १,००,००० यूरो देऊन मुक्त करण्यात आली. पुढे त्याच्या प्रतिष्ठानाने ॲम्स्टरडॅम येथे पगारी चित्रकार एकत्र बसवून ‘एलिफंट्स ड्रीम’ (२००६), ‘बिग बक बनी’ (२००८) यांसारखे लघुपट काढले. चित्रकारांना काम करताना येणाऱ्या अडचणी शेजारी बसलेल्या संहिताकारांना तेथल्या तेथे कळत; त्यामुळे लघुपटाबरोबर कार्यक्रमही सुधारे. विखुरलेल्या स्वयंसेवकांना हा शेजार मिळत नाही. त्यासाठी २००६ पासून भरणाऱ्या ‘लिब्र ग्राफिक्स मीटिंग’सारख्या संमेलनांचा (पहिले लियाँ, फ्रान्स) उपयोग होतो.

देवनागरीचा एक अनुभव : विकिपीडियाचे निरनिराळ्या लिप्यांतील अक्षरे असलेले कोड्याच्या तुकड्यांचे गोलक २००३ मध्ये खुल्या स्पर्धेतून आले, एका सहभागीने ते कल्पिले व दुसऱ्याने पुन्हा रेखाटले. त्यातील देवनागरी तुकड्यावर ‘वि’ हे अक्षर अभिप्रेत होते, परंतु ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी पडली होती. ‘वि’ संगणकात साठविताना आधी ‘व’ व मागून वेलांटी असा क्रम असतो. अक्षरजुळणीची सोय नसलेल्या कार्यक्रमात ती त्याच क्रमाने उजवीकडे उमटते. रेखाटणाऱ्यास लिपी येत नसल्यास हा दोष त्याच्या ध्यानी येणे शक्य नाही. मराठी, हिंदी, नेपाळी किंवा संस्कृत जाणणाऱ्या कोणाही वाचकाला तो एका दृष्टिक्षेपात दिसला असता. पण चित्र पक्के होण्यापूर्वी ते अशा वाचकापुढे ठेवण्याची पायरीच त्या व्यवस्थेत नव्हती. मजकुरातील चूक त्याच क्षणी सुधारण्याची मुभा देणाऱ्या या ज्ञानकोशाच्या माथ्यावरील ही चूक वृत्तपत्रांत चर्चा होऊनही अनेक वर्षे तशीच राहिली. कारण बोधचिन्हाला लेखासारखी ‘संपादन’ची कळ नसते. २०१० मध्ये गोलक नव्याने त्रिमितीय स्वरूपात घडविण्यात आले, तेव्हा अक्षरे तपासून घेण्यात आली आणि वेलांटी योग्य जागी बसली.