प्रसादाला शेजारी 'नको' म्हणाला? राग धरायच्या आधी हे वाचा

सप्ताहाची सांगता झाली. काल्याचं कीर्तन आटोपलं, पंगती उठल्या. तुमची लेकरं प्रसादाचं ताट घेऊन शेजारच्या ख्रिस्ती घरी गेली आणि ताट तसंच परत आलं. "आमच्यात चालत नाही," एवढंच उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही घरांत बोलणं कमी झालं.

नांदेड-लातूरकडच्या कुठल्याही गावात घडू शकेल असा हा प्रसंग. म्हणायला गोष्ट साधी, पण कधीकधी वर्षानुवर्षांचा शेजार यातून तुटतो. म्हणून हा 'नको' नेमका कशाला असतो, ते समजून घेऊ.

'नको' कशाला आहे?

ख्रिस्ती माणूस एकाच देवाची उपासना करतो. नैवेद्य दाखवलेलं अन्न खाणं म्हणजे त्या पूजेत सहभागी होणं, असं ज्यांना वाटतं, ते प्रसाद घेत नाहीत. त्यांचा नकार पूजेतल्या सहभागाला असतो. तुमच्या घराला नसतो, तुमच्या हाताला तर नसतोच.

उलट बाजूही बघा. चर्चमध्ये प्रभुभोजनाचा विधी असतो, भाकर आणि द्राक्षरसाचा. बहुतेक चर्चमध्ये तो बाप्तिस्मा झालेल्यांनाच देतात. तुम्ही पाहुणे म्हणून गेलात तर तो मिळेलच असं नाही. पण नाताळचा फराळ आणि जेवण सगळ्यांना असतं. विधी वेगळा आणि पाहुणचार वेगळा, ही सोय दोन्हीकडं आहे.

प्रश्न दोन हजार वर्षांचा

ग्रीस देशात करिंथ नावाचं शहर होतं. तिथं देवळात वाहिलेलं मांस पुढं बाजारात विकायला येई. नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांना प्रश्न पडला, हे खावं की नाही? प्रेषित पौलानं इ.स. ५५ च्या सुमारास पत्र लिहून त्यांना उत्तर दिलं. ते पत्र आजही बायबलमध्ये आहे.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. अन्नानं माणूस देवाच्या जवळ जात नाही की लांब जात नाही. बाजारातलं खुशाल घ्या, चौकशी करत बसू नका. दुसऱ्या धर्माच्या माणसानं जेवायला बोलावलं तर जा आणि पुढ्यात येईल ते खा. मात्र कुणी मुद्दाम सांगितलं की हे देवाला वाहिलेलं आहे, तर खाऊ नका. आणि तुमच्या खाण्यानं कच्च्या श्रद्धेच्या भावाचा गोंधळ होत असेल, तर हक्क असूनही मागं सरा. देवळातल्या पूजेच्या पंगतीला मात्र बसू नका, असंही तो बजावतो.

म्हणजे एकाच पत्रात मोकळीकही आहे आणि मर्यादाही. म्हणून ख्रिस्ती घरांत सगळे सारखं वागत नाहीत. एखादं जुनं कुटुंब प्रेमानं दिलेलं म्हणून प्रसाद घेतं, कुणी घेऊन बाजूला ठेवतं, तर नव्यानं श्रद्धेत आलेला माणूस स्पष्ट नाही म्हणतो. एकानं घेतला म्हणून दुसऱ्याला "तुलाच का नाही चालत?" असं विचारण्यात अर्थ नाही.

आपल्याकडं हा 'नको' इतका का झोंबतो?

याचं कारण आपल्या गावच्या इतिहासात आहे. पिढ्यानपिढ्या आपल्याकडं 'हातचं न खाणं' याचा एकच अर्थ होता, समोरच्याला हलकं समजणं. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. बीदर, हैदराबादकडून इकडं मेथडिस्ट मिशनचं काम आलं. त्या काळात ख्रिस्ती झालेली बरीच कुटुंबं तेव्हा अस्पृश्य ठरवलेल्या समाजातली होती. ज्यांच्या हातचं पाणी गाव घेत नव्हतं, त्यांचीच नातवंडं आज प्रसादाला 'नको' म्हणतात. गावाला तो जुनाच अपमान उलटा फिरल्यासारखा वाटतो.

पण दोन्हीत मोठा फरक आहे. विटाळ मानणारा माणूस तुमच्या घरचं पाणीसुद्धा घेत नाही. हा शेजारी तुमच्याकडं चहा पितो, भाकरी खातो, लग्नाच्या पंगतीत मांडीला मांडी लावून बसतो.

श्रद्धा बदलली म्हणून मराठीपण जात नाही

कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. पण त्यांनी अभंग सोडले नाहीत की कीर्तन सोडलं नाही. येशूची भजनं त्यांनी मराठी चालीत रचली आणि ती आजही चर्चमध्ये टाळ-पेटीवर म्हटली जातात. तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते मानत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कडक सोवळ्याच्या घरात वाढलेल्या. सोवळं-ओवळं, जातपात हळूहळू मनातून उतरली आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्रात तो सगळा प्रवास आहे.

मग करायचं काय?

ख्रिस्ती बांधवांनी नुसतं "चालत नाही" म्हणून दार लावू नये. "ताई, प्रसाद आमच्यात घेत नाहीत, पण तुमच्या हातचा चहा पाजा," एवढं म्हटलं तरी कडवटपणा येत नाही. नकार देताना समोरच्याच्या देवाला नावं ठेवू नयेत. पौलानंही प्रेमाला ज्ञानाच्या वर ठेवलंय.

इतरांनी आग्रह एकदाच करावा. शेजाऱ्यासाठी नैवेद्य दाखवायच्या आधीच वाटीभर शिरा बाजूला काढून ठेवला, तर बऱ्याच घरांचा प्रश्न तिथंच मिटतो.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. प्रसाद घेतला नाही, वर्गणी दिली नाही म्हणून कुणाचं पाणी, किराणा किंवा बोलणं गावानं मिळून बंद केलं, तर तो गुन्हा ठरू शकतो. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरला बसताना शेजारच्याला कुणी धर्म विचारत नाही. तीच रीत आपल्या गल्लीत आली, तर परत आलेल्या एका ताटापायी शेजार तुटणार नाही.