१० इमारती, १० कोटी नकाशे

परवा एका कॉलेजच्या आवारात फायबर टाकायचा आराखडा बघत होतो. इमारती १०. कुठेही बंद वळसा न होता सगळ्या जोडायच्या, तरी १० कोटी रीती!

नुसती कमीत कमी केबल हवी असेल तर सोपं आहे. मोराव्हियातल्या वीजजाळ्यासाठी चेक गणितज्ञ बोरुव्का यांनी १९२६ मध्येच रीत दिली. पण ‘एक केबल तुटली तरी नेट चालायला हवं’ म्हटलं, की गणित हाताबाहेर जातं.

मग माझं आवडतं सिम्युलेटेड अ‍ॅनीलिंग (१९८३, आयबीएममधले कर्कपॅट्रिक आणि सहकारी). एक जोडणी काढा, दुसरी घाला, खर्च मोजा. घटला तर ठेवा. वाढला तरी सुरुवातीला अधूनमधून चालवून घ्या, नाहीतर बऱ्यापैकी उत्तरातच अडकाल. ही सूट हळूहळू कमी करत न्यायची.

सर्वोत्तमाची हमी नाही. खोदाईचा खर्च मात्र वाचतो.