आमदाराकडे काय मागायचं आणि कुणाकडे काय?



गटाच्या बैठकीत बचत आणि कर्जाचा हिशेब झाला की बोलणं फिरून तीन गोष्टींवर येतं: घरकुल, एसटी आणि पाणी. मग कुणीतरी म्हणतंच, "चला, आमदार भाऊंकडे जाऊ." जायला हरकत नाही, मत आपणच दिलंय. पण निंदणाची मजुरी बुडवून, भाडं खर्चून जायचं, तर कोणतं काम त्यांच्या हातात आहे आणि कोणतं नाही, हे आधी माहीत पाहिजे. आज आपण तेच समजून घेऊ.

आमदाराचं मूळ काम

आपल्या राज्याच्या विधानसभेत २८८ आमदार आहेत. अकोला जिल्ह्यातून पाच जण जातात: अकोट, बाळापूर, अकोला पश्चिम, अकोला पूर्व आणि मूर्तिजापूर. आपल्या बाळापूर मतदारसंघातून २०१९ आणि २०२४ साली नितीन देशमुख निवडून आले. त्याआधी बळीराम सिरस्कार आमदार होते. माणूस आणि पक्ष बदलतो, पण त्या खुर्चीचं काम तेच राहतं.

कायदे करणं, राज्याच्या अर्थसंकल्पाला मंजुरी देणं आणि सरकारला जाब विचारणं, ही आमदाराची तीन मोठी कामं. जाब विचारायला त्यांच्याकडे साधनं असतात. तारांकित प्रश्न विचारला तर मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं. तातडीच्या विषयाकडे लक्षवेधी सूचना मांडून मंत्र्याचं लक्ष वेधता येतं. प्रश्नाची सूचना मात्र अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते. म्हणून नागपूरचं हिवाळी अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन धावण्यापेक्षा दिवाळीच्या आधीच दिलेलं बरं.

घरकुलाची यादी आमदार करत नाही

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ साली सुरू झाली. मैदानी भागात तिची मूळ रक्कम १ लाख २० हजार रुपये. शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीतून मजुरी वेगळी. पैसा हप्त्याहप्त्यानं थेट बँक खात्यात येतो. जोता झाला, भिंती उभ्या राहिल्या, छत पडलं, तसे फोटो चढतात आणि पुढचा हप्ता निघतो.

या योजनेत कुणाचं नाव बसणार हे सर्वेक्षण आणि ग्रामसभा ठरवते. आमदाराला त्यात नाव घालता येत नाही, काढताही येत नाही. म्हणून "साहेबांच्या यादीत नाव टाकून देतो, पाच हजार दे" असं कुणी म्हणालं, तर तो खोटं बोलतोय हे तिथंच ओळखा. ते पाच हजार कुणाच्या तरी गटाच्या कर्जातून गेलेले असतात आणि त्याचं व्याज बाईच फेडते.

केंद्राच्या योजनेशिवाय राज्याच्याही योजना आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास, आदिवासींसाठी शबरी आवास, इतर मागासवर्गासाठी २०२३ पासून मोदी आवास. भूमिहीन लाभार्थ्याला जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून मदत मिळते. यांची चौकशी ग्रामसेवकाकडे आणि पंचायत समितीत करायची. घर नवरा-बायको दोघांच्या नावे किंवा बाईच्या नावे होऊ शकतं, हेही तिथंच सांगून ठेवा.

मग आमदाराकडे घरकुलाचं काय न्यायचं? गावाचं सामाईक दुखणं. घरं मंजूर आहेत पण महिनोन्‌महिने हप्ते अडकलेत. गावठाणात जागाच उरली नाही. सरकारी जागेवरची जुनी घरं नियमित होत नाहीत. घरकुलाची मोफत वाळू मिळत नाही. असे प्रश्न एका घराचे नसतात. ते धोरणाचे आणि प्रशासनाच्या ढिलाईचे असतात, आणि ते विचारायचा अधिकार आमदाराला आहे.

एसटी आणि रस्ता

१७ मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट आहे. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत मोफत पास आहे. पण गाडी फाट्यावर थांबलीच नाही तर सवलत कागदावर राहते. दहावीनंतर पोरीचं शिक्षण का सुटलं, असं आम्ही गावागावांत विचारतो. बरेचदा उत्तर येतं, "संध्याकाळची गाडी नाही, अंधारात कशी यील?" पोरगी घरी बसली की लग्नाचं बोलणं सुरू होतं. एका फेरीवर एवढं अवलंबून असतं.

फेरीचा निर्णय आगार व्यवस्थापक आणि अकोल्याचे विभाग नियंत्रक घेतात. म्हणून पहिला अर्ज त्यांच्याकडे. कोणत्या गावच्या किती मुली, शाळा किती वाजता सुटते, हे त्यात लिहा. उत्तर आलं नाही तर त्याच अर्जाची प्रत जोडून आमदाराकडे जा.

रस्त्याचंही तसंच. बाळापूरवरून जाणारा मोठा महामार्ग केंद्राच्या अखत्यारीत येतो. राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, गावजोड रस्ते बहुतेक जिल्हा परिषदेकडे. रस्ता कुणाचा हे आधी विचारून घ्या, नाहीतर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

आमदार निधी कुणाच्या हातात असतो?

प्रत्येक आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला निधी असतो. २०२२ साली तो ५ कोटी रुपये झाला. हा पैसा आमदाराच्या खिशात येत नाही. ते काम सुचवतात आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. प्रवासी निवारा, सभामंडप, गावातला रस्ता अशी सार्वजनिक कामं त्यातून होतात. कुणाचं खासगी घर त्यातून बांधता येत नाही.

६९ गावांच्या पाण्याचा धडा

आपला बराच भाग पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. बाळापूर तालुक्यातल्या ६९ गावांना तेल्हाऱ्याकडच्या वान धरणातून पाणी देण्याची योजना आखली गेली, पण पाण्याच्या आरक्षणाला शासनानं स्थगिती दिली. तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये आमदार देशमुख गावकऱ्यांसोबत खारं पाणी घेऊन अकोल्याहून नागपूरला पायी निघाले. नागपूरच्या अलीकडे पोलिसांनी त्यांना थांबवलं.

दुसरी बाजूही ऐका. तेल्हारा-अकोटचे शेतकरी म्हणत होते, धरण सिंचनासाठी बांधलं, पाणी तिकडे गेलं तर आमच्या शेतीचं काय? तिकडेही आपल्यासारख्याच बाया आहेत. आमदार एका मतदारसंघाचा असतो, पण पाणी पूर्ण जिल्ह्याचं. म्हणून असे प्रश्न एकट्या आमदारानं सुटत नाहीत. त्यासाठी मंत्रिमंडळ लागतं, जिल्हा नियोजन समिती लागते, आणि दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांचं ऐकावं लागतं.

मग आपण काय करायचं?

एक, ग्रामसभेआधी महिला सभा होते, तिथं ठराव घ्या. ठरावाची प्रत जोडलेल्या अर्जाला वजन येतं.

दोन, पंचायत समितीची वर्षातून एकदा आमसभा असते. तिचं अध्यक्षस्थान आमदाराकडे असतं आणि तालुक्यातले अधिकारी समोर बसलेले असतात. घरकुल, एसटी, पाणी तिन्ही एकाच दिवशी विचारता येतात. तारीख पंचायत समितीत विचारून ठेवा आणि ग्रामसंघातून चार-पाच जणी तरी जा.

तीन, एका अर्जात एकच मागणी लिहा. गाव, आकडा, कुणाकडे आधी गेलो ती तारीख आणि सगळ्यांच्या सह्या. दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय हलू नका.

चार, पोचेची तारीख गटाच्या ठराव वहीत लिहा आणि पुढच्या महिन्याच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्यासारखीच तिचीही विचारणा करा. आपण हप्ता चुकवत नाही. मग दिलेल्या शब्दाचा हिशेब विचारायला कशाला लाजायचं?