डोळा गेला, आता कुठल्या कचेरीत जायचं?

आपल्या अंकात नेहमी लागणीच्या जाती, खतांच्या मात्रा आणि उताऱ्याची टक्केवारी असते. या खेपेलाही टक्केवारीचंच लिहितो आहोत, पण ती साखरेच्या उताऱ्याची नव्हे, माणसाच्या दृष्टीची आहे.

निमित्त असं झालं. ऊस नोंदीसाठी गट ऑफिसात आलेल्या एका सभासदानं सहज विचारलं, "साहेब, आमचा धाकटा भाऊ भिवंडीला मागावर असतो. धोटा उडून डावा डोळा गेला त्याचा. सरकारातून काही मिळतं का?" आम्हाला काही सांगता येईना. आपल्या कार्यक्षेत्रातून पोटासाठी भिवंडीला गेलेली घरं थोडीथोडकी नाहीत. तेव्हा "बघतो" म्हणून विषय टाळण्यापेक्षा आम्ही त्या सभासदाबरोबर स्वतःच निघालो.

कल्याणला उतरलो, तिथून भिवंडी. गावात शिरलं की यंत्रमागांचा खडखडाट सुरू होतो तो रात्री झोपतानाही कानात राहतो. सवय नसलेल्याला शेजारच्याशी ओरडूनच बोलावं लागतं. मागावर धोटा ताण्यातून इकडून तिकडे जोरात फेकला जातो आणि कधीतरी तो बाहेर उडतो. समोर उभ्या असलेल्या माणसाचं तोंड त्याच उंचीवर असतं. आमच्या सभासदाच्या भावाला तो 2024 च्या दिवाळीनंतर लागला. तेव्हा त्याचं वय 40. मालकानं दवाखान्याचं बिल भरलं, वर पाच हजार हातावर ठेवले आणि एका कोऱ्या कागदावर सही घेतली. "मी म्हटलं, देवमाणूस आहे," असं तो भाऊ आम्हाला म्हणाला. आम्ही त्यावर काही बोललो नाही.

त्याच्याजवळ दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र होतं. (पूर्वी अपंग म्हणत, आता दिव्यांग म्हणतात. नाव बदललं, रांग तीच आहे.) प्रमाणपत्रावर आकडा होता 30 टक्के. तो कागद घेऊन तो पेन्शनसाठी तहसील कचेरीत गेला आणि परत आला, कारण संजय गांधी निराधार अनुदान योजनेला किमान 40 टक्के लागतात. त्याला वाटलं, डॉक्टरनं आकडा कमी लिहिला. तसं नव्हतं. केंद्र सरकारनं 2018 साली ठरवून दिलेल्या मोजमापात एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला तर 30 टक्केच धरतात. दोन्ही डोळ्यांची नजर ठरावीक मर्यादेखाली गेली तरच 40 किंवा त्याहून जास्त होतात. म्हणजे एका डोळ्याच्या माणसाला पेन्शनच्या खिडकीवर जागा नाही. हे कडू आहे, पण कायदा असा आहे आणि त्यासाठी कुणाला पैसे चारून आकडा वाढवून घेण्याच्या भानगडीत पडू नये.

पण तो चुकीच्या खिडकीवर उभा होता, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. त्याचा खरा हक्क पेन्शनचा नव्हता, नुकसानभरपाईचा होता.

कामावर असताना इजा झाली तर मालकानं भरपाई द्यायची, असा कायदा 1923 पासून आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण या भावाचा अपघात जुन्या कायद्याच्या काळातला. त्या कायद्याच्या परिशिष्टात एका डोळ्याची दृष्टी गेली तर 30 टक्के, डोळाच काढावा लागला तर 40 टक्के, आणि डोळ्यांचं कोणतंच काम करता येणार नाही इतकी नजर गेली तर 100 टक्के कमाईची हानी धरली आहे. इथे 40 ची अट नाही. तिसाला तिसाचे पैसे मिळतात. हिशेब असा: मासिक पगाराच्या 60 टक्के, गुणिले वयाचा ठरलेला आकडा, आणि त्याचे जितके टक्के हानी तितके. वय 40 ला तो आकडा 184.17 आहे. महिना 15,000 पगार धरला तर 9,000 गुणिले 184.17 म्हणजे 16,57,530 रुपये. त्याचे 30 टक्के 4,97,259 रुपये.

आम्ही हा हिशेब वहीच्या मागच्या पानावर तीन वेळा केला. आमचा सभासद म्हणाला, "आणि हा पाच हजारांवर सही देऊन बसलाय!"

सहीची भीती मात्र धरू नये. कामगारानं आपला भरपाईचा हक्क सोडला असा करार या कायद्यापुढे रद्दबातल आहे. भीती धरायची ती मुदतीची. दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत घालायचा असतो. भावाचे दिवस भरत आले होते. शिवाय तिथं हजेरीपत्रक नाही, पगाराची पावती नाही. मग दवाखान्याचे पहिल्या दिवसाचे कागद, त्याच खात्यात काम करणाऱ्या दोघांचे जबाब आणि पगाराचे आकडे टिपलेली एक मळकी डायरी, इतकं गोळा केलं. ती डायरी त्याची बायको ठेवत होती. वकिलांनी ती पाहिली आणि सगळ्यात आधी तीच मागून घेतली. जिथं ईएसआयचा नंबर असतो तिथं मालकाऐवजी ईएसआयकडे जावं लागतं, हेही लक्षात ठेवावं.

बँकेचं पासबुक चाळताना आणखी एक गोष्ट सापडली. दरवर्षी खात्यातून 20 रुपये कापले जात होते. कशाचे, ते त्यालाही माहीत नव्हतं. ते होते प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे. अपघातानं एका डोळ्याची दृष्टी कायमची गेली तर या विम्यात 1 लाख आणि दोन्ही डोळे गेले तर 2 लाख आहेत. बँकेला लवकर, महिन्याभरात कळवायला हवं होतं. ते राहिलं. तरी उशिराचं कारण लिहून अर्ज दिला आहे. आपणही आपापलं पासबुक एकदा काढून पाहावं.

त्याच चाळीत शेजारच्या खोलीत एक पूर्ण अंध तरुण राहतो. त्याचं काम पाहून उलट समाधान वाटलं. त्याच्याकडे निळं यूडीआयडी कार्ड आहे (40 टक्क्यांखाली पांढरं, 80 पर्यंत पिवळं, त्यावर निळं). संजय गांधी योजनेत दिव्यांगांना आता महिन्याला 2,500 रुपये मिळतात. 2025 च्या शरदापर्यंत ते 1,500 होते. दिव्यांगाच्या बाबतीत वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 आहे आणि महाराष्ट्रात 15 वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. भिवंडीत परप्रांतातून आलेली मागवाली कुटुंबं इथंच अडतात. या पोराच्या आईनं त्याचे शाळेचे सगळे दाखले पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले होते, म्हणून निभावलं. त्याला एसटीत 75 टक्के सवलत आहे. रेल्वेत पूर्ण अंधाला आणि त्याच्या सोबत्याला दुसऱ्या वर्गात, स्लीपरमध्ये तेवढीच सवलत मिळते. महानगरपालिका असो वा ग्रामपंचायत, 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखावा असा शासनाचा नियम आहे. त्यातून काय द्यायचं ते ती संस्था ठरवते, तेव्हा आपल्या ग्रामसभेत हा प्रश्न विचारायला हरकत नाही. धंद्यासाठी कर्ज हवं असेल तर राज्याचं दिव्यांग वित्त व विकास महामंडळ आहे. मुंबईत 1952 साली स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्थाही अंधांसाठी काम करते.

परतीच्या गाडीत आमच्या सभासदानं विचारलं, "आणि आपल्या उसात कुणाचा डोळा गेला तर?" प्रश्न रास्त आहे. सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातली एक व्यक्ती, वय 10 ते 75, यांना गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना लागू आहे. अपघातात दोन्ही डोळे गेले तर 2 लाख, एक गेला तर 1 लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे 30 दिवसांच्या आत द्यायचा.

जाता जाता एक सांगतो. पाचट काढताना, तोडणीत उसाचं पान डोळ्याला लागतं, आपण चोळतो आणि विसरतो. त्यातून बुबुळावर फूल पडून डोळा जातो. पान लागलं की स्वच्छ पाण्यानं धुवावं आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं. तूप, दूध, किंवा मेडिकलमधून मनानं आणलेले थेंब घालू नयेत. त्यातल्या काही थेंबांत स्टेरॉइड असतं आणि बुरशीचा जंतू असेल तर ते डोळा लवकर घालवतं.

भावाचा दावा ठाण्याच्या कामगार न्यायालयात मुदतीत दाखल झाला आहे. मालकाला नोटीस गेली, पहिली तारीख पडली. त्या तारखेला मालक आला नाही. पुढची तारीख दिवाळीनंतर आहे. निकाल लागला की इथे कळवू. तोवर कुणाच्या घरी असा कागद, दाखला किंवा जुनी डायरी पडून असेल तर ती घेऊन गट ऑफिसात यावं. शनिवारी दुपारपर्यंत आम्ही तिथे असतो.