काचेवरचे धुके

बीड जिल्ह्याचे निसर्गानेच दोन भाग केले आहेत. उत्तरेस गोदावरीच्या काठची सखल गंगथडी आणि दक्षिणेस बालाघाटचे उंच पठार. या दोन्ही भागांत हिवाळ्याचे आकाश बहुधा निरभ्र असते. दिवसा ऊन चटकते. पण रात्री अंगावर घोंगडी घेतल्यावाचून झोप येत नाही. पहाटे शेताकडे जावे, तर ज्वारीची पाने ओली झालेली दिसतात. हरभऱ्याच्या रोपांवर रात्री फडके अंथरून ठेवले, तर सकाळी ते पिळून आंब काढता येते. पाऊस पडलेला नसतो, कोणी पाणीही शिंपडलेले नसते. मग हे पाणी येते कोठून?

त्याच पहाटे अंगणात उभ्या असलेल्या मोटारीकडे पाहा. तिच्या काचा पांढुरक्या झालेल्या असतात. बाहेरून हात फिरवला की तो ओला होतो. त्यात नवल नाही, कारण पिकावर पडले तेच दव काचेवरही पडले आहे. पण कधी कधी बाहेरची बाजू कोरडी असते, आणि दार उघडून आतून बोट फिरवले, तर काचेवर बोटाची स्वच्छ रेघ उमटते. दारे बंद, काचा वर चढवलेल्या, आणि तरीही पाणी आत! हे पाणी रात्री कोठून शिरले नाही. ते आदल्या दिवसापासूनच मोटारीत होते. फक्त ते आपल्याला दिसत नव्हते.

हवेत पाणी नेहमीच वाफेच्या रूपाने असते, आणि ही वाफ डोळ्यांना दिसत नाही. हवा जितकी उबदार, तितकी अधिक वाफ तिच्यात मावते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशा जागेत ३० अंश सेल्सिअस तापमानास सुमारे ३० ग्रॅम वाफ राहू शकते. तापमान २० अंशांवर आले, की जेमतेम १७ ग्रॅम राहते. आणि १० अंशांवर आले, की अवघी ९ ग्रॅम. उरलेली वाफ मग पाणी होऊन जवळच्या गार वस्तूवर बसते. ज्या तापमानास असे पाणी जमू लागते, त्यास शास्त्रज्ञ दवबिंदू म्हणतात.

याची प्रचीती तुम्हाला घरीच घेता येईल. सकाळच्या थंडीत आरशावर तोंडाने हलकीच फुंकर घाला. आरसा लगेच धुरकट होईल. आता तोच आरसा थोडा वेळ उन्हात ठेवा आणि पुन्हा तशीच फुंकर घाला. या वेळी आरसा स्वच्छच राहील. श्वास तोच, आरसाही तोच. बदलली ती केवळ त्याची उष्णता. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. काच धुरकट होण्यास ओलसर हवा लागते आणि गार काचही लागते. दोहोंपैकी एक नसली, तर धुके धरत नाही.

मोटारीतील काच इतकी गार का होते, हे आता पाहू. निरभ्र रात्री उघड्यावरची प्रत्येक वस्तू आपली उष्णता आकाशाकडे सोडत असते. लंडनमध्ये राहणाऱ्या विल्यम चार्ल्स वेल्स नावाच्या एका वैद्याने इ. स. १८१४ मध्ये दवाविषयी एक प्रबंध प्रसिद्ध केला. त्याने मोकळ्या जागी एक फळी उभारली. सारख्या वजनाचे लोकरीचे दोन झुबके घेऊन एक फळीच्या वर ठेवला व दुसरा खाली बांधला. सकाळी वजन करून पाहता वरच्या झुबक्यात खालच्यापेक्षा पुष्कळच अधिक दव जमलेले आढळले. खालच्या झुबक्याला फळीचे छत मिळाले होते. वरचा मात्र उघड्या आकाशाखाली गार होत राहिला. छपराखाली ठेवलेल्या मोटारीच्या काचा उघड्यावरच्या मोटारीपेक्षा कमी धुरकटतात, त्याचे कारण हेच.

आता मोटारीत ओल आणतो कोण? पहिला दोषी आपण स्वतःच. माणूस स्वस्थ बसला असला, तरी त्याच्या श्वासातून आणि त्वचेतून मिळून तासाला सुमारे ३० ग्रॅम पाणी वाफ होऊन निघते. लहान मोटारीतील जागा सुमारे ३ घनमीटर धरू. १० अंश तापमानास तेथील हवेत फार तर २७ ग्रॅम वाफ मावेल. म्हणजे बंद मोटारीत एक माणूस तासभर झोपला, तरी तेवढी हवा वाफेने भरून जाईल! चौघे असले, तर तासात १२० ग्रॅम. मग काचांवरून ओघळ वाहू लागले, तर आश्चर्य कसले?

माणसे उतरून गेल्यावरही ओल मागे राहते. भिजलेली छत्री, चिखलाचे जोडे, आठवड्याच्या बाजारातून आणलेल्या ओल्या भाजीची पिशवी, न वाळवता ठेवलेला पंचा, या साऱ्यांतील पाणी गाद्यांत आणि पायाखालच्या जाजमात मुरते. दारांच्या कडेचे रबर फाटले असेल, तर पावसाचे पाणी आत झिरपते. समोरच्या काचेच्या तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी बारीक वाटा ठेवलेल्या असतात. मोटार कडुनिंबाखाली उभी करण्याची आपली रीत. त्याची पाने आणि काड्या या वाटांत अडकल्या, की पाणी तुंबते व आत उतरते. दिवसा उन्हाने आतली हवा तापली, म्हणजे हे मुरलेले पाणी वाफ होऊन हवेत मिसळते; आणि रात्री काच गार झाली, की तेच पाणी काचेवर येऊन बसते. मोटारीला सतत कुबट वास येऊ लागला, तर ओल मुरली आहे असे खुशाल समजावे. अशा ठिकाणी बुरशी धरते, आणि जाजमाखालचा पत्रा कोणाच्या नकळत गंजत जातो.

परंतु याहून मोठे नुकसान रस्त्यावर होते. बीडहून दक्षिणेकडे जाणारी सडक पालीवरून मांजरसुंब्याचा घाट चढून पठारावर जाते. हिवाळा हा उसाच्या गाळपाचा हंगाम. पहाटेच्या काळोखात जिल्ह्यातील रस्त्यांवरून उसाने लादलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर संथपणे चाललेले असतात. बैलगाडीस मागे दिवा नसतो. गाडीवान मोळ्यांवर बसलेला असतो. अशा वेळी घाईत असलेला एखादा चालक काचेवर तळहाताने भाकरीएवढा गोल पुसतो आणि तेवढ्यातून पाहत मोटार हाकू लागतो. दोन मिनिटांत तो गोलही पुन्हा धुरकटतो, कारण ओल आतच असते. समोरून दिव्याचा झोत आला, की ओलसर काच सगळीच पांढरी दिसते. त्या काचेपलीकडे बैल आहेत आणि माणसे आहेत, हे त्याला दिसत नाही. काच पुसणारी काडी येथे कामाची नाही. मेरी अँडरसन या अमेरिकन स्त्रीने इ. स. १९०३ मध्ये अशा साधनाचे पेटंट मिळवले. पण ते साधन बाहेरचा पाऊस व दव पुसते. आतील धुक्याला त्याचा हात पोहोचत नाही.

मग उपाय काय? कारण कळले, की उपाय आपोआप सुचतो. ओल आत येऊ देऊ नये, आलेली राहू देऊ नये. ओल्या छत्र्या व कपडे रात्री मोटारीत ठेवू नयेत. पायाखालची जाजमे काढून उन्हात वाळवावीत आणि त्यांच्याखाली हात लावून जमीन कोरडी आहे ना, हे पाहावे. काचेच्या तळाशी साचलेला पाला दर आठवड्यास काढावा. ऊन चांगले असेल, त्या दुपारी मोटारीची चारही दारे तासभर सताड उघडी ठेवावीत. मोटार सुरक्षित आवारात असेल आणि पावसाचे चिन्ह नसेल, तर रात्री समोरासमोरच्या दोन काचा बोटभर खाली ठेवाव्यात. पावसाळ्यात मात्र बाहेरची हवाच दमट असते. तेव्हा या फटींचा फारसा लाभ होत नाही.

आतून काच स्वच्छ ठेवणेही महत्त्वाचे आहे. धूळ आणि तेलकट थर असलेल्या काचेवर पाण्याचे कण लवकर धरतात. नव्या जोड्यांच्या खोक्यात सिलिका जेलची लहान पुडी मिळते. ती हवेतील वाफ शोषते. तशा पुड्या मोटारीत ठेवल्यास थोडी मदत होते. पण पुडी आपल्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकेच पाणी घेते. छपरातून पाणी गळत असेल, तर पुड्यांनी काय होणार?

सकाळी काच धुरकटलेलीच आढळली, तर आधी ती कोरड्या, स्वच्छ फडक्याने पूर्ण पुसावी. मग बाहेरची हवा आत घेऊन तिचा उबदार झोत काचेवर सोडावा. पहाटेची हवा दमट असताना तिचा उपयोग कसा, असे तुम्ही विचाराल. १० अंशांची हवा वाफेने पूर्ण भरलेली असली, तरी तिच्यात घनमीटरला ९ ग्रॅमच वाफ असते. तीच ३० अंशांपर्यंत तापवली, तर तिच्यात ३० ग्रॅमांची जागा होते. म्हणजे ती तहानलेली बनते आणि काचेवरील पाणी पिऊन टाकते. वातानुकूलन यंत्र असेल, तर तेही हिवाळ्यात सुरू करावे. उन्हाळ्यात अशा मोटारीखाली पाणी ठिबकताना तुम्ही पाहिले असेल. यंत्राच्या गार नळ्यांवर हवेतील वाफ जमते, तेच ते पाणी. हवा कोरडी करण्याचे कामही यंत्र असे करत असते.

येथे एक धोका नीट ध्यानात ठेवावा. काचा कोरड्या करण्यासाठी बंद शेडमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नये. आणि इंजिन चालू ठेवून बंद मोटारीत कोणी झोपू नये. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही; माणूस झोपेतच दगावतो.

ही सारी विद्या नवी वाटली, तरी आपल्या घरांत ती फार पूर्वीपासून आहे. ज्वारी उन्हात कडक वाळवल्यावाचून कोणी कणगीत भरत नाही, कारण आत गेलेली ओल आतच राहते व धान्य कुजवते. पापड सादळू नयेत म्हणून ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतात. मोटार ही देखील काचेची आणि पत्र्याची एक कणगीच होय. तिच्यात धान्याऐवजी माणसे बसतात, एवढाच फरक. म्हणून घरची मोटार थंडीच्या पहाटे निघणार असेल, तर चारही काचा स्वच्छ होईपर्यंत थांबा, असे वडीलधाऱ्यांना अवश्य सांगा. त्यात पाच मिनिटे जातील. पण पुढे चाललेला गाडीवान सुखरूप घरी पोहोचेल.